बहिणीच्या रिपोर्टमध्ये टी(६;९) आलं आहे, कोणी समजावून सांगेल का?

दारव्हेकर_दादा

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, सात एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. लहानी बहीण २३ वर्षांची. पोळा झाला अन् तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायावर निळे डाग. प्लेटलेट १८ हजार, म्हणून इकडं आठ दिवस डेंग्यूचंच सलाईन चाललं. नागपूरला नेलं तेव्हा बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासली, एएमएल हा रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिली केमो झाली आहे, ७ दिवस सायटाराबिन, ३ दिवस डाउनोरुबिसिन.

आता क्रोमोसोमचा रिपोर्ट आला. जसा आहे तसा लिहितो: ४६,एक्सएक्स,टी(६;९)(पी२३;क्यू३४)[१८]/४६,एक्सएक्स[२]. खाली डीईके-एनयूपी२१४ पॉझिटिव्ह, एफएलटी३-आयटीडी पॉझिटिव्ह. डॉक्टरसाहेब म्हणाले, क्वचित आढळणारा जनुकीय प्रकार आहे, नुसत्या केमोवर भागणार नाही, ट्रान्सप्लांट लागेल, म्हणजे दुसऱ्याच्या मॅरोच्या पेशी चढवाव्या लागतील, भावाच्या जुळतात का ते पाहायला एचएलए तपासणी करा. मागं रांग होती, मला पुढचं विचारणं झालं नाही.

जनुकीय म्हणजे घराण्यातलं का? तिची सोयरीक जुळली आहे, तिकडचे लोक हेच विचारतात. मला दोन पोरी आहेत, रात्री त्यांचे पाय तपासून पाहतो. फवारणीमुळं झालं का? अन् आई मला पेशी देऊ देत नाही. म्हणते, "बाप्पा, एक लेकरू त् बिमार हायेच, दुसऱ्याच्या हाडातला मगज काऊन काढता?"

सूक्ष्मदर्शी_अमरावती

दादा, मी क्रोमोसोमच्या लॅबमध्ये काम करतो. घराण्यातलं का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टच्या त्याच ओळीत आहे, चौकोनी कंसांत. मॅरोतल्या २० पेशी मोजल्या. १८ पेशींत सहाव्या अन् नवव्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल दिसली, २ पेशी साफ निघाल्या. हा बिघाड आईबापाकडून आला असता तर अंगातल्या प्रत्येक पेशीत असता. म्हणजे तो जन्मानंतर, रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत झाला, अन् तिचीच पिलावळ वाढली. तुमच्या पोरींना तो तिच्याकडून जाऊ शकत नाही. सोयऱ्यांना ही ओळ दाखवा, डॉक्टरांकडून लिहूनही घ्या.

अदलाबदलीत सहावरचं डीईके अन् नऊवरचं एनयूपी२१४ ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. त्यातून जे प्रथिन बनतं, त्यामुळं कोवळ्या पेशी पिकतच नाहीत, नुसत्या वाढत राहतात. एएमएलच्या शंभर रोग्यांत साधारण एकाला हा प्रकार असतो, बहुतेक तरुण वयात. जोडीला एफएलटी३-आयटीडी हा दुसरा जनुकीय बिघाड पुष्कळदा असतोच. त्यावर मिडोस्टॉरिनसारखी गोळी केमोबरोबर देतात. तिला सुरू आहे का, नक्की विचारा. केमोनं आजार दबला तरी या प्रकारात उलटण्याची भीती मोठी, म्हणून दबलेला असतानाच ट्रान्सप्लांट करायला सांगतात. पुढं दोन जनुकांचा हाच जोड पीसीआर नावाच्या तपासणीनं शोधून आजार किती उरला तेही पाहता येतं.

फवारणीचं म्हणाल तर २०१७मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते मी विसरलो नाही. पण एका रोग्याचा आजार अमुक औषधानं झाला, हे कोणताच रिपोर्ट सांगू शकत नाही. त्यात जीव अडकवू नका.

आर्वीची_लेक

दादा, मी माझ्या भावाला पेशी दिल्या. त्याचा एएमएल वेगळ्या प्रकारचा होता, पण देणं सारखंच. माझ्या हाडाला सुई लागलीच नाही. पाच दिवस पोटावर इंजेक्शनं घेतली, त्यानं कंबर अन् मांड्या ठणकल्या, पॅरासिटामॉलवर निभावलं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत, पाच तास. ओठांना मुंग्या आल्या तर नर्सताईंनी कॅल्शियम दिलं. पंधरा दिवसांनी मी सोयाबीनच्या सोंगणीला होते. आईला माझं हे वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र आजच पाळा. बहिणीला रक्त लागलं तर तुम्ही देऊ नका, आईलाही देऊ देऊ नका. जवळच्यांचं रक्त आधीच चढलं तर नंतर ट्रान्सप्लांटात तिचं अंग त्यांच्याच पेशींना नाकारेल, ही भीती वाढते. गावातली पोरं पाठवा. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याचा संभव चारात एक. नाही जुळलं तर अर्ध्या जुळणीवरही आता करतात, खचू नका. अन् रेल्वेचा सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या, कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर अन् थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे.

भावाला ट्रान्सप्लांटनंतर पुढं कातडीवर चट्टे आले, सहा महिने गोळ्या चालल्या. आज तिसरं वर्ष, ट्रॅक्टर चालवतो.

दारव्हेकर_दादा

ताई, परवा मी रक्त द्यायला बाहीच वर करून बसलो होतो, ब्लड बँकेत माझा गट संपला म्हणून. रात्री तुमचा मेसेज पाहिला अन् सकाळी गावातली चार पोरं गाडीत घालून नेली. मिडोस्टॉरिन आठव्या दिवसापासून सुरू होती, फाइलमध्ये लिहिलेलं सापडलं.

आईला दोनदा वाचून दाखवलं. पाच तास मशीनला लावतात तेव्हा जेवायला देतात का, एवढंच विचारलं तिनं. सोमवारी एचएलएचा नमुना द्यायला जातो, ती सोबत येते म्हणते.