मदत हवी आहे: इको बघून हृदयाभोवतीचं पाणी काढताना सुई कुठून घालावी?

ठाण्यात घोडबंदर रोडला लहान आयसीयू आहे. पोर्टेबल इको आहे, फेज्ड अ‍ॅरे (हृदयासाठीचा) आणि लिनियर (वरवरच्या भागांसाठीचा) दोन्ही प्रोब आहेत, कॅथलॅब (एक्स-रेखाली हृदयाच्या प्रक्रिया करायची खोली) नाही. टॅम्पोनाडचा (साचलेल्या पाण्याने हृदय दाबलं गेलेला) पेशंट रात्री आला आणि बीपी पडत असेल, तर त्याला खाडीपलीकडे पाठवण्यात वेळ घालवता येत नाही. शिकलेली पद्धत झिफॉइडखालून (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाखालून) जायची. पण इकोवर पाणी बऱ्याचदा डावीकडे, एपेक्सजवळ (हृदयाच्या टोकाशी) जास्त दिसतं. तिथून जावं का? सुई पेरिकार्डियममध्येच (हृदयाभोवतीच्या पिशवीत) आहे, आरव्हीत (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात) नाही, हे फ्लुरोस्कोपीशिवाय (चालू एक्स-रेशिवाय) कसं ठरवायचं? आणि एका वेळी किती काढायचं?

नेरुळचा इकोवाला:
झिफॉइडखालचा रस्ता इको नव्हता तेव्हाचा आहे. वाटेत यकृत असतं आणि अंतरही जास्त. मेयो क्लिनिकने १९७९ पासून २१ वर्षांत इकोच्या मदतीने ११२७ वेळा पाणी काढलं, त्यात बहुतेक वेळा डाव्या छातीवरूनच. यश ९७ टक्के, गंभीर गुंतागुंत १.२ टक्के.

जागा पुस्तकाने नाही, प्रोबने ठरवायची. पाणी त्वचेच्या सर्वांत जवळ, थर सर्वांत जाड आणि मध्ये फुप्फुस नाही, अशी जागा शोधा. फुप्फुस मध्ये आलं की पडद्यावर पाणी दिसेनासंच होतं, त्यामुळे ही चाचणी आपोआप होते. डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा. खूण केल्यावर पेशंट हलला तर खूण रद्द, पुन्हा बघा. त्वचेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि प्रोबचा कोन डोक्यात पक्का करा. सुई त्याच कोनात जाते. चुका जागेपेक्षा कोनातच जास्त होतात. सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून घाला, खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कडेपासून साधारण १ ते २ सेंमीवर इंटर्नल मॅमरी धमनी असते, पॅरास्टर्नल (स्टर्नमलगतची) जागा घेतली तर तिला लिनियर प्रोबने रंगीत डॉपलर लावून आधी शोधा.

घोडबंदरकर (धागाकर्ता):
आभार. पण रक्ताळ पाणी आलं की खरा प्रश्न सुरू होतो. ते गोठत नाही म्हणून पेरिकार्डियमचंच, हे धरून चालावं का?

नेरुळचा इकोवाला:
नाही, त्यावर विसंबू नका. फेसाळ सलाईन वापरा. थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) दोन सिरिंज, सुमारे ९ मिली सलाईन आणि अर्धा ते १ मिली हवा, दहाएक वेळा इकडून तिकडे जोरात. ४-५ मिली सोडा आणि दुसऱ्याला इको धरायला सांगा. बुडबुडे हृदयाभोवती चमकले तर बरोबर. आरव्हीत दिसले तर सुई मागे. काहीच दिसलं नाही तर तेही उत्तर नाही, प्लूरात (फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत) असू शकता. खात्री होईपर्यंत डायलेटर (भोक रुंद करणारी नळी) घालायचा नाही, हा नियम मोडू नका: १८ गेजचं भोक बहुधा बुजतं, डायलेटरचं नाही. मग ०.०३५ इंची जे-वायर (वळलेल्या टोकाची तार), ती इकोवर पेरिकार्डियममध्ये दिसली की ६ ते ८ फ्रेंचचं (नळीच्या जाडीचं माप) पिगटेल, म्हणजे निचऱ्याची वळलेल्या टोकाची नळी.

आयसीयू_वाशी:
किती काढायचं, याबद्दल. पहिल्या ५०-१०० मिलीतच बीपी बऱ्याचदा सावरतं, कारण पाणी आणि दाब यांचा आलेख तिथे सर्वांत उभा असतो. मग घाई कशाला? एका बैठकीत १ लिटरच्या आत राहा, नाहीतर अचानक दाब उतरून फुप्फुसात पाणी भरण्याचा किंवा हृदयाचा पंप ढासळण्याचा धोका. पिगटेल ठेवा, २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की काढा. नमुना एडीए आणि जीनएक्सपर्ट (दोन्ही टीबीच्या चाचण्या), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सायटॉलॉजीला (पेशी तपासायला) पाठवा. आपल्याकडे टीबीचा विचार न करता पाणी टाकून देणं म्हणजे गुन्हाच.

आणखी एक. सुई उचलण्याआधी महाधमनी बघा. डिसेक्शन (महाधमनीची भिंत फाटलेली) असेल तर हे काम सर्जनचं. पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिसमध्ये (स्टर्नमशेजारून घेतलेल्या हृदयाच्या लांबट इको-चित्रात) पाणी उतरत्या महाधमनीच्या मागे असेल तर ते प्लूराचं, पुढे असेल तर पेरिकार्डियमचं. आणि टॅम्पोनाडला शक्यतो इंट्युबेट करू नका (श्वासनलिकेत नळी घालू नका), लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) तर मुळीच नको. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की उरलंसुरलं बीपीही जातं.