मॉडेल होती म्हणून अभिनेत्री नाही? सोनाली बेंद्रेबद्दल बोलायचंय

भाट्ये_किनारा (रत्नागिरी)

गणपतीत आमच्याकडे सगळी चुलत-मावस मंडळी जमलेली, आरत्या उरकल्यावर टीव्हीवर सरफरोश लागला आणि काकांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं की ही कसली नटी, ही मॉडेल, आमिरच्या बाजूला उभी करायला आणलेली. सगळे हसले. मला राग आला आणि तो अजून गेला नाहीये म्हणून इथे लिहितेय, ज्यांना पटणार नाही त्यांनी बिनधास्त भांडा.

सोनाली बेंद्रे १९७५ चा जन्म, मराठी घरातली, सिनेमावाल्यांशी नातं ना गोतं. मॉडेलिंग केलं, स्टारडस्टच्या टॅलेंट सर्चमधून निवडली गेली आणि १९९४ ला गोविंदाबरोबरचा तिचा आग हा सिनेमा आला. मग दिलजले, डुप्लिकेट, मेजर साब, जख्म, आणि १९९९ ला तर एकाच वर्षात सरफरोश, हम साथ साथ हैं आणि तमिळमध्ये कादलर दिनम. पुढे तेलुगू. मराठीत अमोल पालेकरांचा अनाहत. आणि एवढं सगळं झाल्यावर पण लोकांच्या तोंडी एकच, मॉडेल.

आता माझा मुद्दा. सरफरोशचा दिग्दर्शक जॉन मॅथ्यू मॅथन हा पण जाहिरातींमधूनच आलेला माणूस, सरफरोश त्याचा पहिला सिनेमा, त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्याबद्दल कोणी म्हणतं का की हा कसला दिग्दर्शक, हा तर जाहिरातवाला? उलट म्हणतात जाहिरातीत काम केलं म्हणून हात साफ होता. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिला की तो अनुभव आणि त्याच जाहिरातीत कॅमेऱ्याच्या समोर उभी राहिली की ती फक्त चेहरा. हा न्याय कुठला? मला ह्याचं उत्तर पाहिजे.

दशावतारवेडो (कुडाळ)

ताई, माका ह्यां काय पटाक नाय. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं सरळ मराठीत लिहितो.

आमच्याकडे जत्रेत दशावतार उभा राहतो तेव्हा नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ठरतं, आणि मग संवाद उभ्या उभ्या, पेटी-मृदंगाच्या साथीनं, पहाटेपर्यंत. स्त्रीपात्र करणारा पुरुष नऊवारी नेसून असा बोलतो की म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसतात. तो दिसायला सुंदर असतो असं नाही, त्याच्याकडे आवाज असतो. माझं म्हणणं एवढंच की अभिनय आवाजाशिवाय होत नाही आणि मॉडेलिंगमध्ये आवाज लागतच नाही. म्हणून तर ह्या मुली सिनेमात आल्या की दुसऱ्याचा आवाज उसना घ्यावा लागतो. दीपिका पदुकोणचा पहिला हिंदी सिनेमा ओम शांती ओम, २००७, त्यात आवाज मोना घोष शेट्टींचा आहे. पुरस्कार मिळाले दीपिकाला. ऐश्वर्याचा पहिला सिनेमा इरुवर, त्यात पण आवाज तिचा नाही. अर्धं काम दुसरी बाई करते आणि नाव हिचं, हे मला चुकीचं वाटतं.

आणि आमच्या मुली राज्य नाट्य स्पर्धेसाठी नोकरी सांभाळून रात्री अकरा-अकरापर्यंत तालमी करतात, त्यांना सिनेमात कोण विचारतो? उंची बघतात, रंग बघतात. तिथे मॉडेल पुढे जाते. तुमचा राग मला समजतो पण माझा राग पण खरा आहे.

भाट्ये_किनारा

दादा तुमचा राग खरा आहे, पण तो ज्यांनी निवड केली त्यांच्यावर काढा ना. निर्माता उंची बघतो, शिवी मात्र मुलीला.

आवाजाचं म्हणाल तर दीपिकाचाच पिकू बघा, २०१५ चा. आवाज तिचा स्वतःचा, मेकअप जवळजवळ नाही, बापाच्या पोटाच्या तक्रारी ऐकून वैतागलेली मुलगी आहे आणि समोर अमिताभ आणि इरफान. त्यात कुठे कमी पडली सांगा. मधल्या आठ वर्षांत ती शिकली. शिकायची संधी मिळाली म्हणून शिकली. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, तिथून सिनेमात आल्या, त्यांना जन्मभर वृत्तनिवेदिका म्हणून कोणी हिणवलं नाही. आधीचा धंदा फक्त मॉडेलिंग असला तरच चिकटतो.

दापोलीकर

स्मिता पाटीलशी तुलना नको हो. कुठे त्यांचा भूमिका सिनेमा, कुठे सोनाली.

मी स्पष्टच बोलतो. नव्वदच्या दशकात सोनालीचे सिनेमे थेटरात बघितलेला माणूस आहे मी. सुंदर दिसायची, नाचायची छान, बॉम्बेमधलं हम्मा हम्मा एका गाण्यापुरतं काम पण आजही लोक त्या गाण्यात तिलाच आठवतात. पण दिलजले आठवा, डुप्लिकेट आठवा, तिचा असा एक सीन सांगा जो तुम्हाला पाठ आहे. मला नाही आठवत. आता २०१८ ला कॅन्सर झाला, न्यूयॉर्कला उपचार घेतले, बरी होऊन आली, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यानंतर सगळे एकदम तिला महान अभिनेत्री म्हणायला लागले ते मला नाही पटत. आजारपण वेगळं, अभिनय वेगळा.

चिपळूण_नाका

आजारपणाचा विषय धाग्यात कोणी काढलाच नव्हता दापोलीकर, तुम्हीच काढलात.

पण काढलाच आहे तर बोलूया. जिच्या पोटापाण्याचा धंदाच केस आणि चेहरा ह्यावर उभा, तिनं केस गेलेले फोटो स्वतः लोकांसमोर ठेवले. अभिनय म्हणून नाही ओ. माझ्या घरात केमो झालेली बाई आहे, ती महिनोन्‌महिने दारात कोणी आलं की आत जायची. सोनालीचे फोटो बघून तिनं पहिल्यांदा डोक्यावरचा स्कार्फ काढून ओटीवर चहा घेतला. त्याला किंमत आहे, फक्त ती अभिनयाच्या खात्यात टाकू नका हे तुमचं मला मान्य.

आता पाठ असलेल्या सीनबद्दल. सीन असायला भूमिका लिहावी लागते. त्या काळात हिरोइनला दोन गाणी, एक रडणं, शेवटी व्हिलनच्या अड्ड्यावर दोरीनं बांधलेली. एवढ्यात शबाना आझमी पण काय करणार होत्या?

आणि वयाचा हिशोब बघा, तो कोणी करत नाही. २००१ ला मुरारी आला तेलुगूत, हिरो महेश बाबू, तो पण १९७५ चाच, म्हणजे दोघं एका वयाची. २००२ ला इंद्रा, हिरो चिरंजीवी, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्याच वर्षी मन्मधुडू नागार्जुनबरोबर, ते सोळा वर्षांनी मोठे. खड्गम पण त्याच वर्षीचा. म्हणजे ऐन भरात होती. २००२ लाच लग्न झालं, २००४ ला शंकर दादा एमबीबीएस आला आणि मग मूल, हिरोइन म्हणून विषय संपला. एकोणतीस वर्षांची होती हो. महेश बाबू आजही हिरो. चिरंजीवी आजही हिरो. ती शिकली नाही म्हणायचं तर शिकायला वर्षं तरी द्यायला पाहिजे होती की नाही? नट चाळिशीत मुरतो म्हणता ना, मग नटीला चाळिशी बघूच देत नाहीत.

दापोलीकर

वयाचा मुद्दा दणदणीत आहे, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्या वर्षांत काम मिळालं त्या कामावरच मी बोलणार ना, न मिळालेल्या कामावर कसा बोलू. माझं मत आहे तिथेच आहे.

आबोली_सावंतवाडी

तुमचं सगळं वाचतेय पण माझा प्रश्न वेगळा आहे, इथे विचारू का? माझी मुलगी बारावी झाली, उंच आहे, रंगानं सावळी, कॉलेजच्या एकांकिकेत काम करते आणि आता डोक्यात मॉडेलिंग. आम्हाला मुंबईहून एकांचा फोन आला, म्हणे पोर्टफोलिओ (कामासाठी दाखवायचा फोटोंचा संच) करायला पैसे भरा, मग सिरियलमध्ये काम नक्की. ह्यांचा तर पूर्ण विरोध, घरात दोन दिवस अबोला. सासूबाई म्हणतात आपल्यातल्या मुली असले धंदे करत नाहीत. मला मुलीचं मन मोडायचं नाहीये आणि फसायचं पण नाहीये. दशावतारवेडो दादा म्हणतात तसं नाटकातूनच जावं का?

दशावतारवेडो

वहिनी, पैसे भरू नका. हां पयलां. नाटकातून जाणं लांबचं आहे पण ते कोणी काढून घेत नाही. एकांकिका चालू ठेवायला सांगा. आणि सावळी म्हणून तिला कोणी कमी लेखलं तर तुम्ही घरात तरी तो शब्द उच्चारू नका.

वेंगुर्लेकरीण_सध्या_अंधेरी

हा धागा वाचून राहवलं नाही. मी जाहिरातींत काम केलंय, मोठी कोणी नाही, साबण, मसाले, बँक, असलं. त्यामुळे मॉडेलिंगमध्ये काही शिकायला मिळत नाही हे वाचलं की वाईट वाटतं.

तीस सेकंदांची जाहिरात, त्यात माझ्या वाट्याला चार सेकंद. त्या चार सेकंदांत दार उघडायचं, नवऱ्याला बघायचं, तो दमलाय हे कळलंय असं दिसलं पाहिजे, आणि हातातली वाटी लाईटच्या बाहेर जाता कामा नये. जमिनीवर टेपनं खूण केलेली असते, तिथेच पाऊल पडलं पाहिजे पण खाली बघायचं नाही. हेच वीस-पंचवीस टेक, दर वेळी वाटी त्याच हातात, पदर त्याच खांद्यावर, नाहीतर एडिटिंगमध्ये जोडता येत नाही. समोर नवरा नसतोच कधी कधी, लाईटच्या स्टँडला चिकटवलेला कागद असतो, त्याच्याकडे प्रेमानं बघायचं. नाटकातले माझे मित्र पहिल्यांदा शूटला आले तेव्हा इथेच अडखळले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची सवय आणि कॅमेरा हातभर अंतरावर. दोन वेगळी कसबं आहेत. दशावतारवेडो दादा, रात्रभर बोलणारा नट माझ्यासाठी देवासारखा आहे, पण न बोलता चार सेकंदांत सांगणं हे पण कामच आहे.

मात्र एक गोष्ट मी मान्य करते. मॉडेलिंगमध्ये समोरच्याचं ऐकायची सवय लागत नाही. फोटोत ऐकणं नसतंच. सिनेमात समोरचा बोलत असताना तुमच्या चेहऱ्यावर काय चाललंय ह्यावर सगळं, आणि ते मॉडेलला मुद्दाम शिकावं लागतं. सोनालीच्या सुरुवातीच्या सिनेमांत ती आपली ओळ यायची वाट बघताना दिसते. मला प्रेमानं बघूनसुद्धा दिसते.

दशावतारवेडो

हां, ह्यां बरोबर बोललात. वाट बघताना दिसते. हेच मला सांगता येत नव्हतं. आणि म्हणूनच मी म्हणतो की आधी रंगमंच, तिथे न ऐकणारा नट दुसऱ्या वाक्याला उघडा पडतो.

भाट्ये_किनारा

सुरुवातीला दिसते, हो. पण मग अनाहत बघा ना. २००३ चा, सुरेंद्र वर्मांच्या नाटकावरून केलेला. राजाला मूल होऊ शकत नाही म्हणून राणी शीलवतीला नियोगासाठी एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडायला लावतात. समोर अनंत नाग, दीप्ती नवल, सगळी मुरलेली माणसं. सोनालीची शीलवती आधी भेदरलेली आणि सकाळी परत येते ती वेगळीच बाई, तिला दरबाराला प्रश्न विचारायचेत, स्वतःच्या शरीराबद्दल तिला काहीतरी कळलंय जे राणी असून आजवर कळू दिलं नव्हतं. तो बदल तिनं खांद्यांनी आणि मानेनं दाखवलाय. मॉडेलिंगमधून आलेली ताठ मान तिथे कामाला आली असं मला वाटतं. हा सिनेमा कोणी बघितलाच नाही आणि म्हणे सीन आठवत नाही.

आणि २०२२ ची द ब्रोकन न्यूज ही वेब मालिका. अमिना कुरेशी, न्यूज चॅनेलची संपादक, टीआरपीच्या मागे न लागता बातमी धरून बसलेली. समोर जयदीप अहलावत, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) शिकलेला. तिथे ती वाट बघत नाही. ऐकते. सत्तेचाळीस वर्षांची असताना. चिपळूण_नाका म्हणतात ते हेच, मधली वर्षं दिली असती तर?

दापोलीकर

अनाहत बघितलेला नाही. कुठे मिळाला तर बघेन आणि मग इथेच येऊन सांगेन. अमिना कुरेशी बघितली, बरी वाटली, पण ती मालिका जयदीप खाऊन जातो, ह्यावर मी ठाम आहे.

आबोली_सावंतवाडी

वेंगुर्लेकरीण ताई, त्या पैशांचं काय करू तेवढं सांगा ना, त्यांचा उद्या परत फोन येणार आहे.

वेंगुर्लेकरीण_सध्या_अंधेरी

नाही म्हणा, एवढंच. ऑडिशनला पैसे लागत नाहीत, आणि काम नक्की असं आधी कोणी सांगूच शकत नाही. चांगला एजंट काम मिळाल्यावर त्यातून टक्केवारी घेतो, आधी मागत नाही. फोटोंसाठी ओळखीचा फोटोग्राफर सावंतवाडीतच बघा, दुपारचं कडक ऊन टाळून सकाळी लवकर अंगणात काढा, मेकअप नाही, केस मागे, एक समोरून, एक बाजूनं, एक पूर्ण उभा, आणि एका मिनिटाचा व्हिडिओ ज्यात ती स्वतःबद्दल तिच्या नेहमीच्या मालवणीत बोलतेय. चेहरा उजळ करणारा फिल्टर लावू देऊ नका, जशी आहे तशीच दिसू दे. पहिल्या वेळी कोकणकन्या एक्सप्रेसनं तुम्ही स्वतः तिच्याबरोबर या, ऑडिशनची जागा आधी मला कळवा, मी इथून बघून सांगते खरी आहे की नाही. आणि एकांकिका सोडायला लावू नका तिला.