अनुभव धागा: कोर्टाच्या बाकावर तिच्या शेजारी (बडोदा)

बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदू बायकांना कायद्याने घटस्फोटाचा हक्क मिळाला. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली. त्याच गावात आजही मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला दारातच विचारतात, "जावई काय म्हणतात?" म्हणून हा धागा. स्त्रियांच्या हक्कांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या इथल्या मराठी मंडळींनी लिहावं. कुणाची ओळख पटेल असं मात्र काही नको.

मांजलपूरहून
माझं काम कागदांचं. उभी हयात बँकेत गेली, त्यामुळे ते जमतं. बाई घर सोडते ती नेसत्या साडीनिशी. आधार, लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, दवाखान्याच्या चिठ्ठ्या सगळं सासरी. ते एकेक जमवायचं. स्त्रीधनाच्या यादीत "पाटल्या दोन" एवढ्यावर भागत नाही. कुणी घातल्या, पावती कुणाकडे, शेवटच्या कुठे पाहिल्या? एकजण मंगळसूत्रापाशी अडली. "ते नका लिहू काकू, मुलाच्या फीसाठी मीच विकलं." तेही लिहिलं, महिन्यासकट.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि तिथून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि बाई खचते ती तेव्हाच. नव्याने येणाऱ्यांना मी विचारते ते एवढंच: कामाच्या दिवशी सकाळी मोकळ्या आहात का? कायदा हळूहळू कळतो.

रावपुऱ्यातून
एका पोलीस चौकीत ऐकलेलं: "घरनी वात छे बेन, समाधान करी लो." (घरातली गोष्ट आहे ताई, आपसात मिटवून टाका.) तिच्या गालावर बोटं उमटलेली होती. भांडत बसलो नाही. लेखी तक्रार वरिष्ठांना पोस्टाने पाठवली आणि थेट कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दांडिया बाजारहून, विद्यार्थी
आम्ही मुलं १८१ अभयम हेल्पलाइनचे स्टिकर लावतो. ती २४ तास चालते, गरज पडली तर समुपदेशक बाईंसह गाडी येते. ब्यूटी पार्लर आणि बायकांच्या शिवणक्लासवाल्यांना विनंती करतो, कारण तिथे नवरा सोबत नसतो.

वाघोडिया रोडवरून
माझा विषय वारसा. वडील गेले की भाऊ बहिणीला "हक कमी"च्या, म्हणजे वाट्यावरचा हक्क सोडल्याच्या, सहीसाठी बोलावतो, चहापाणी होतं, कागद पुढे येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मालमत्तेत वाटेकरी आहे. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणं जरुरीचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मी फक्त म्हणते, सही आज नको, कागद घरी ने, वाचून घे. एकीने चार दिवस विचार केला आणि सही केली. तिला भाऊबीज हवी होती. मला वाईट वाटलं, पण निर्णय तिचा. दुसरीने नाही म्हटलं, तिच्या काकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत.

अलकापुरीहून
पोळीभाजीच्या बायकांसोबत असते. घरकामवालीला मालकाकडून लैंगिक त्रास झाला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते. पगार बुडेल या भीतीने तेवढे दिवस सहज निघून जातात, म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो.

नवीन वाचक
गुजराती बोलते, पण वाचायला अडखळते. चालेल का?

मांजलपूरहून
चालेल, या. अर्ज लिहिणाऱ्या दुसऱ्या आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल स्वयंसेवक (वकील नसले तरी कायद्याच्या कामात लोकांना मदत करणारे) कधी घेतात त्याची चौकशी करा, तिथे प्रशिक्षण मिळतं. आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, तिथून मोफत वकील मिळतो. हे शेजारणीला आजच सांगा, आमच्याकडे यायच्या आधी.