व्हर्लँडरला अजून एक वर्ष द्यायचं का? (हो, तोच ४-११ वाला)

सनीवेलकर
मंडळी, २०२५ चा बेसबॉल सीझन कधीच संपला, डॉजर्सनी परत वर्ल्ड सिरीज नेली, आपण जायंट्सवाले ८१-८१ करून घरी बसलोय, तर आता निवांत भांडायला हरकत नाही. विषय आपला पिचर जस्टिन व्हर्लँडर. आपल्या टीमचा कारभारी पोझीने एका वर्षासाठी दीड कोटी डॉलर देऊन आणला, म्हटलं हॉल ऑफ फेमवाला माणूस आहे, तरुण पिचर्स काहीतरी शिकतील, आणि मग काय तर एप्रिल गेला, मे गेला, जून गेला, साहेबांच्या नावावर एकही विन नाही. पहिली विन २३ जुलैला अटलांटात, सतराव्या स्टार्टला, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर म्हणून सतराव्यांदा उतरला तेव्हा! तोवर ०-८ (शून्य विन, आठ लॉस). आणि नंतर अचानक असा काही टाकायला लागला की वाटलं हा दुसराच कोणी माणूस आहे. शेवटी ४-११, ईआरए ३.८५.

माझं म्हणणं, एक दिवस दहा वर्षांनी तरुण आणि पुढच्या स्टार्टला तिसऱ्या इनिंगमध्येच डगआउटमध्ये, अशा माणसावर टीमचं गणित मांडायचं कसं? घरी चिरंजीवांशी यावरून रोज वाजतं, तो म्हणतो बाबा तुम्हाला बेसबॉल कळत नाही. आता व्हिटेलो नवा मॅनेजर येतोय, कॉलेजमधून थेट इकडे. फेब्रुवारी २०२६ मध्ये व्हर्लँडर ४३ चा होईल. ठेवावा की जाऊ द्यावा?

डेट्रॉइटचे नाना
चिरंजीवांचं बरोबर आहे :)
मी याला २००६ पासून बघतोय, आमच्या डेट्रॉइटकडून रूकी ऑफ द इयर झाला तेव्हापासून. २००७ मध्ये आमच्या कोमेरिका पार्कला ब्रूअर्सविरुद्ध नो-हिटर टाकला (अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही) तेव्हा आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी कामच झालं नाही. २०११ ला २४-५, साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचं) दोन्ही एकाच वर्षी, पिचरला एमव्हीपी मिळणं किती दुर्मिळ ते विचारा कोणालाही. त्याची खासियत काय होती माहितीये का, बाकीचे पिचर पहिल्या इनिंगला जोरात असतात आणि मग उतरत जातात, हा गडी सुरुवातीला हातचं राखून टाकायचा आणि आठव्या इनिंगला शंभर मैलांचा बॉल काढायचा. समोरचा बॅटर बिचारा बघतच राहायचा.

आणि 'संपला' हे तर आम्ही २०१४ लाच ऐकलंय. ईआरए ४.५४, वर २०१३ ला केलेला १८ कोटी डॉलरचा करार गळ्यात, लोक नुसते शिव्या घालत होते. पुढे काय झालं? २०१९ ला ३०० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि साय यंग, मग कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन, आणि २०२२ ला परत येऊन १८-४, ईआरए १.७५, तिसरा साय यंग, वयाच्या ३९ व्या वर्षी. तेव्हा या माणसाची तिरडी बांधायची घाई करू नका एवढंच सांगतो.

केटी झालो तरी चालेल
नाना, २०२२ ला जाऊन तीन वर्षं झाली. ह्यूस्टनला राहतो म्हणून सांगतो, इथल्या टीमकडून त्याचं २०२४ मी जवळून बघितलंय. खांदा, मग मान, १७ स्टार्ट, ईआरए ५.४८, आणि शेवटी प्लेऑफच्या यादीतूनच वगळला. ज्या टीमला दोन वर्ल्ड सिरीज जिंकून द्यायला मदत केली त्या टीमनेच! त्याआधी मेट्सनी दोन वर्षांचे ८ कोटी ६० लाखांच्या वर डॉलर कबूल केले आणि अर्ध्या सीझनात परत ह्यूस्टनला पाठवला. आदर वगैरे ठीक आहे, पण आदर म्हणून दर पाचव्या दिवशी बॉल हातात देत नाहीत.

खारे शेंगदाणे
जायंट्स म्हणजे म्हाताऱ्या पिचर्सची धर्मशाळा आहे. वॉरन स्पान १९६५ ला शेवटी इथेच, स्टीव्ह कार्लटन १९८६ ला इथेच, रँडी जॉन्सन २००९ ला इथेच. आता हे. पुढचा कोण?

मृण्मयी_ठाणे
मी नवीन आहे, नवऱ्यामुळे बघायला लागले. विन आणि ईआरए यात नक्की फरक काय? ४-११ म्हणजे वाईट ना? मग निम्मे लोक चांगला म्हणतायत ते कसं?

आकडेमोड
मृण्मयी, चांगला प्रश्न, कारण अख्खा वाद तिथेच आहे. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरने स्वतःच्या खात्यावर किती रन दिले, फील्डरच्या चुकीने गेलेले धरत नाहीत. विन मिळायला मात्र स्टार्टरने निदान पाच इनिंग टाकायला लागतात, तो बाहेर जाताना टीम पुढे असावी लागते, आणि मागून येणाऱ्या रिलीव्हरनी ती लीड घालवता कामा नये. म्हणजे तुम्ही सहा इनिंगमध्ये एक रन दिलात आणि आपल्या बॅटर्सनी शून्य केले तर तुमच्या नावावर लॉस.

उदाहरण हवं तर नोलन रायन, १९८७, वय ४०. ईआरए २.७६, लीगमध्ये सगळ्यात कमी, स्ट्राइकआउट २७०, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि रेकॉर्ड? ८-१६. पिचर डीग्रॉमला २०१८ ला १.७० ईआरएवर फक्त १० विन मिळाल्या, तरी साय यंग त्यालाच दिला. त्यामुळे ०-८ बघून जे गळे काढत होते त्यांनी त्यातला काही वाटा जायंट्सच्या बॅटिंगच्या नावावर टाकावा.

पण नाना, तुम्हीही फार खूश होऊ नका. २९ स्टार्टमध्ये १५२ इनिंग म्हणजे एका स्टार्टला सव्वापाच. २०१९ ला दर नऊ इनिंगमागे बारा स्ट्राइकआउट होते, यंदा १३७ एकूण, म्हणजे नऊमागे आठ. खरी घसरण ही आहे, विनमध्ये शोधू नका.

सनीवेलकर
आकडेमोड, ते पटलं. पण मग माझा मूळ प्रश्न तसाच राहिला ना, आज बरा आणि उद्या वाईट हे का होतं? माणूस तोच, हात तोच, चार-पाच दिवसांत बदलतं काय?

आकडेमोड
माझा अंदाज सांगतो. त्याचा फास्टबॉल आजही ताशी ९४ मैलांच्या आसपास येतो, म्हणजे वेग काही अगदी गेलेला नाही. पण पूर्वी तोच बॉल वरच्या बाजूला टाकला की बॅट खालून जायची, आता बॅटची कड लागते. कड लागली की फाउल (बॉल रेषेबाहेर), आणि दोन स्ट्राइकनंतर फाउल म्हणजे बॅटर जिवंत. यंदाचा त्याचा एखादा वाईट दिवस आठवा, पहिलीच इनिंग, दोन स्ट्राइक झालेत, फाउल, परत फाउल, एक बॉल बाहेर, अजून एक फाउल, स्लायडर (वळणारा बॉल) टाकला तर त्यालाही कशीबशी बॅट लावली, आणि दहाव्या पिचला वॉक, म्हणजे चार बॉल बाहेर गेल्याने बॅटरला बेस फुकट. आऊट एकही नाही आणि घामाने टोपी भिजली. अशी दोन बॅटर्सनी वाट लावली की चौथ्या इनिंगपर्यंत ऐंशी पिच होतात आणि मॅनेजर बदली पिचरसाठी फोन उचलतो.

त्यात २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे बॉल टाकायला घड्याळाची मुदत. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, रनर असेल तर २०२४ पासून १८. पूर्वी असा पिचर मागे जाऊन जरा माती तुडवायचा, दम खायचा, आता ती सोय नाही. तिशीतल्याला काही वाटत नाही, चाळिशीनंतर शरीर तेवढ्या वेळात भरून येत नाही. ज्या दिवशी स्लायडर आणि कर्व्ह दोन्ही हातात बसलेत त्या दिवशी फास्टबॉलचा तो उणेपणा झाकला जातो, एक जरी बिघडला की बॅटर नुसता थांबून बघतो. तरुणपणी तिन्हीतला एकच चालला तरी सामना काढायचा. आता तिन्ही लागतात. म्हणून मला हे मूडचं किंवा नशिबाचं वाटत नाही, चुकायला जागाच उरलेली नाही.

डेट्रॉइटचे नाना
हे मात्र लाखातलं बोललात.

केटी झालो तरी चालेल
+१, आणि हेच तर मी म्हणतोय. जागा उरलेली नाही म्हणजे पुढच्या वर्षी अजून कमी. कार्लटनचं काय झालं ते बघा, फिलीजनी काढला, मग जायंट्स, इथेच ४००० वा स्ट्राइकआउट घेऊन रिटायर होतो म्हणाला आणि लगेच व्हाइट सॉक्सला गेला, मग क्लीव्हलंड, मग ट्विन्स. ३२९ विनवाला माणूस, दारोदार फिरला. कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

बोरिवली एक्सप्रेस
सचिनचं पण असंच झालं होतं, मार्च २०११ ला नागपुरात ९९ वं आणि शंभरावं थेट मार्च २०१२ ला मीरपूरला. वर्षभर अख्खा देश रडत होता.

खारे शेंगदाणे
आला सचिन! बेसबॉलच्या धाग्यावर पण! कैच्याकै

मृण्मयी_ठाणे
थँक्यू आकडेमोड, आता नवऱ्याला ऐकवते. पण मग त्याला स्वतःला काय हवंय? एवढे पैसे, एवढी बक्षिसं मिळाल्यावर माणूस घरी का बसत नाही?

डेट्रॉइटचे नाना
३०० विन, मृण्मयीताई. सध्या २६६ आहेत. शेवटचा तीनशेवाला रँडी जॉन्सन, जून २००९, जायंट्सच्याच जर्सीत, वय ४५. त्यानंतर कोणीच नाही आणि आता पाच-पाच इनिंगचे स्टार्ट बघता पुढे कोणी होईल असं वाटतही नाही. हा स्वतः पंचेचाळिशीपर्यंत टाकायचं म्हणत आलाय. आणि स्ट्राइकआउट ३५५३, यंदा वॉल्टर जॉन्सन आणि गेलॉर्ड पेरीला मागे टाकून आठवा झाला, वर डॉन सटन फक्त २१ ने पुढे आहे.

खारे शेंगदाणे
३४ हव्यात, वर्षाला ४ च्या वेगाने साडेआठ वर्षं. पन्नाशी उलटल्यावर होईल. शुभेच्छा.

सनीवेलकर
शेंगदाणे, लोल. बरं, सगळं ऐकून माझं मत असं झालंय की ठेवायला हरकत नाही पण पाच स्टार्टरमधल्या पहिल्या तिघांत नको. वेब आहे, रे आहे, त्यांच्या मागे पाचव्या नंबरवर, आणि आधीच ठरवून टाकायचं की तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर यायच्या आत काढायचा, मग तो कितीही डोळे वटारू दे. यंदा निम्मे वाईट दिवस त्या एका जास्तीच्या इनिंगमध्ये झालेत असं मला वाटतं. पैसे मात्र दीड कोटी नाही, कमी.

केटी झालो तरी चालेल
त्याच्या हातातून बॉल काढून घ्यायला जाणार कोण? व्हिटेलो? ज्याने मेजर लीगमध्ये एक दिवस काम केलेलं नाही तो पहिल्याच एप्रिलमध्ये व्हर्लँडरला पाचव्या इनिंगमध्ये बस म्हणणार? मला ते दृश्य बघायचंय, तिकीट काढून येईन.

आकडेमोड
त्यात आश्चर्य काय, सव्वापाचची सरासरी म्हणजे यंदाही बहुतेक वेळा तेवढ्यातच काढलाय. डोळे वटारतो आणि जातो.

डेट्रॉइटचे नाना
तुम्हाला नको असेल तर आमच्याकडे पाठवा. आमच्या पिचर स्कूबलने लागोपाठ दुसरा साय यंग घेतलाय, त्याच्या मागे व्हर्लँडर, कोमेरिका पार्क, जुनी ३५ नंबरची जर्सी. एक कोटीला पण घेऊ.

केटी झालो तरी चालेल
नाना, आधी स्कूबलला ठेवायचे पैसे जमवा, २०२६ नंतर तो दुसऱ्या टीमकडे जायला मोकळा होतोय.

डेट्रॉइटचे नाना
त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तोंड कडू करू नका.