बाक्सो करायला गेले, झाले कोफ्ते

चिंचगूळ:
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं इंडोनेशियात, सुराबायाला होतो. संध्याकाळी गल्लीत बाक्सोची, म्हणजे रश्शातल्या मांसाच्या गोळ्यांची, गाडी यायची. वाडग्यावर चमच्याची टणटण ऐकू आली की लेक पातेलं घेऊन फाटकाकडे पळायची. आता पुण्यात आल्यापासून तिचा हट्ट चाललाय, म्हणून घरी केले. तिथे मुख्यतः गोमांसाचे असतात, मी चिकनचे केले. अर्धा किलो खिमा, एक कांदा, कोथिंबीर, आलं-लसूण, अंडं, दोन चमचे कॉर्नफ्लोअर. खळखळत्या पाण्यात सोडले तर निम्मे फुटले, उरलेल्यांचा तोंडात भुगा. लेक म्हणाली, "आई, हे कोफ्ते आहेत."
तिथला गोळा दाताखाली दबून परत उसळायचा. ते कशाने होतं?

खादाड_काकू:
पावाचा स्लाइस भिजवून घाल गं. आमचे कधीच फुटत नाहीत.

जकार्ताकर:
काकू, त्याने कोफ्ता अजून मऊ होईल. ताईंना नेमकं उलट हवंय :)
ताई, मीही पहिले चार-पाच प्रयत्न असेच वाया घालवले. आपल्याकडे पिठाची गिरणी असते तशी इथे बाजारात बाक्सोची गिरणी असते. लोक पहाटे ताजं मांस घेऊन जातात आणि मीठ, बर्फ, टॅपिओका स्टार्च घालून दळून आणतात. तिथे उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं की हा खिमा नाहीच, ही पेस्ट आहे. मिठामुळे मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटतं, चिकट होतं आणि शिजल्यावर त्याची जाळी बनते. उसळी त्या जाळीची. कच्चा कांदा-कोथिंबीर घातलीत की जाळीला भोकं पडतात आणि पाणी सुटतं ते वेगळंच. आपला हात सवयीने कांद्याकडे जातो, तो आवरा.

अर्ध्या किलोला १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम बर्फाचा चुरा, ६० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, एका अंड्याचा पांढरा बलक, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, तळलेला लसूण, पांढरी मिरी. चिकनचे तुकडे आणि मिक्सरचं भांडं, दोन्ही आधी फ्रीझरमध्ये ठेवा. तुकडे कडेने कडक व्हायला हवेत. आधी फक्त चिकन, मीठ आणि निम्मा बर्फ फिरवा, थोडं थोडं, थांबत थांबत. आपला मिक्सर पटकन तापतो आणि पेस्ट कोमट झाली की खेळ खलास. चिकट झाली की बाकीचं घाला, स्टार्च शेवटी. मग भांड्यात आपटून आपटून मळा. पेस्ट मुठीत धरून दाबा, अंगठा-तर्जनीमधून गोळा वर येतो, तो ओल्या चमच्याने उचलून पाण्यात सोडा. पाणी उकळतं नको, ८० अंशांच्या आसपास. वर तरंगले की अजून पाच मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात.
आधी एकच गोळा सोडून बघा. माझा एकदा सगळा घाणा खारट झालाय.

ओवी_ठाणे:
टॅपिओका म्हणजे साबुदाणाच ना? मग उपासाचं साबुदाणा पीठ चालेल? आणि बेकिंग पावडरऐवजी पापडखार?

जकार्ताकर:
कंद तोच, पण साबुदाणा करताना त्याला उष्णता दिलेली असते, त्यामुळे स्टार्च अर्धवट शिजलेला असतो. गोळा गिच्च होतो, करून बसलोय. पापडखार नको, साबणासारखी चव येईल. आणि कुणी टाकणखार सुचवला तर मुळीच ऐकू नका. इथे काही विक्रेते गोळे टणक व्हावेत म्हणून तो चोरून घालतात. खाण्यात घालायला बंदी आहे आणि विषारी आहे.

चिंचगूळ:
रविवारी केले! एकही फुटला नाही. पहिला घाणा छान उसळणारा, दुसऱ्याच्या वेळी मिक्सर तापला होता आणि मी घाई केली, तो थोडा भुसभुशीत. कोंबडीच्या हाडांचा रस्सा, तांदळाच्या बारीक शेवया, वरून तळलेला कांदा आणि सेलरीची पानं. गोड सोया सॉस संपला होता, म्हणून साध्यात गूळ आटवला, चालून गेला.
लेकीने एक गोळा ओट्यावर टाकून पाहिला. टप्पा खाल्ला आणि थेट सिंकमध्ये गेला. म्हणाली, "आता वाडगा वाजव."

खादाड_काकू:
मी पाव घालूनच करणार. पण फोटो टाक गं.