संपत आलं तेव्हा आधी काय बदललं?

उरण, निवृत्त
तेल संपल्यावर जग कसं असेल हा विषय निघाला की सगळेच ज्योतिषी होतात. कोणी बैलगाड्या परत आणतो, कोणी विमानंसुद्धा विजेवर उडवतो. माझी सगळी नोकरी मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर गेली, पंधरवडा समुद्रात, पंधरवडा घरी. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला तिथे तेल लागलं, 1976 पासून ते यायला लागलं. ऐंशीच्या दशकात दिवसाला साडेचार लाख पिंपांच्या वर निघायचं, आता दीड लाखाच्याही खाली आलंय. पण नळ बंद झाला असा दिवस कधी उगवला नाही. सुरुवातीला तेल स्वतःच्या जोरावर वर यायचं. पुढे समुद्राचं पाणी गाळून, दाबाने खाली सोडून ते ढकलावं लागलं. मग वर येणाऱ्या तेलातच पाणी वाढलं. ते वेगळं करायला यंत्रं, यंत्रांना गॅस, आणि जुन्या पाइपांची डागडुजी कायमचीच. तेच पिंप, पण त्यामागची उस्तवार दरवर्षी जास्त.

म्हणून इथे भाकितं नकोत. तेल, गॅस, पाणी, मासळी, खनिज, काहीही तुमच्यासमोर कमी पडायला लागलं तेव्हा आधी काय बदललं? झळ कोणाला बसली, फावलं कोणाचं? तेवढं लिहा. राजकीय पक्षांची नावं काढायची असतील तर ते भांडण दुसरीकडे.

गिरगाव, वय 78
1973 च्या ऑक्टोबरात तिकडे अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की रॉकेल मिळत नाही. नवीन लग्न झालेलं, घरात सात माणसं. पहाटे रांगेत डबा ठेवून यायचा, डब्यावर खडूने खोलीनंबर.

स्टोला पर्याय म्हणून भुशाची शेगडी आली. पत्र्याच्या डब्याला खाली भोक. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून लाटणं आडवं सरकवून बाटलीला टेकवायचं आणि भोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग लाटणं ओढून घ्यायचं, बाटली गोल फिरवत अलगद उपसायची. जो बोगदा राहतो त्यात खालून जाळ घालायचा. भुसा दमट असला की नुसता धूर, सैल भरला तर मध्येच ढासळतो आणि डाळ अर्धी कच्ची. सासूबाईंना जमायचं, मला जमायला वेळ लागला.

चाळीत काय बदललं म्हणाल तर, रेशन दुकानदाराच्या बायकोला हळदीकुंकवाला पाट पहिला मिळायला लागला. याआधी तिला कोणी बोलवतसुद्धा नव्हतं. आणि आमच्या यजमानांना विचारा, त्यांना त्या सालातलं रॉकेल आठवतच नाही. रांगेत ते कधी नव्हतेच.

डिचोली, गोवा
आमच्याकडे खनिज संपलं नाही, थांबलं. पण घरात झालेला परिणाम सारखाच. 2012 मध्ये पहिल्यांदा खाणी बंद पडल्या, मग काही सुरू झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून सगळंच ठप्प. बाबांचे खनिज वाहणारे दोन टिपर (ट्रक) होते, दोन्ही कर्जावर. आमच्या भागात घरापुढे टिपर असणं म्हणजे मुलाचं स्थळ पक्कं, अशी तेव्हाची स्थिती.

वाटतं तसं आधी टिपरवाले बसले नाहीत. आधी रस्त्याकडेचा चहा-भजीवाला बसला, मग पंक्चरवाला, मग गॅरेज. टिपरवाला काही महिने बँकेला थोपवू शकतो, भजीवाल्याला त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक नाही. नदीत खनिज वाहणारे बार्ज गंजत उभे राहिले. शिकलेली मुलं किनारपट्टीच्या हॉटेलांत गेली किंवा पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे लागली.

दुसरी बाजूही सांगतो, कारण आमच्याकडे ती मोठ्याने बोलायची सोय नव्हती. पावसाने झाडांवरची लाल धूळ धुतली ती पुन्हा बसली नाही. आईचा खोकला कमी झाला. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसणं थांबल्यावर वरच्या वाड्यावरच्या विहिरीला पाणी टिकायला लागलं. आणि त्याच वर्षी बाबांनी एक टिपर भंगाराच्या भावात काढला. या दोन्ही गोष्टींची बेरीज मला अजून मांडता येत नाही.

रायगड किनारा, मच्छीमार
आजा शिडाच्या होडीने जायचा, वारा फुकट होता. आता जवळ मासळी उरली नाही, म्हणून लांब जायचं. लांब जायचं म्हणून डिझेल जास्त, बर्फ जास्त, खलाशी जास्त दिवस. म्हणजे मासळी कमी झाली की तेल जास्त लागतं. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटेल.

डिझेलचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत येतो, पण कधी येईल ते देव जाणे. तोपर्यंत व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे. उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, आणि भाव तो सांगेल तो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, त्या दोन महिन्यांत उचल आणखी चढते. आमच्या गावात ज्यांच्या स्वतःच्या होड्या होत्या त्यांची पोरं आज दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. समुद्र तोच आहे, मालक बदलले. पुढे काय होणार ते आम्हाला विचारू नका, आमचं होऊन गेलंय.

स्टुटगार्ट
2022 च्या हिवाळ्यात रशियाचा गॅस बंद झाल्यावर इथे सरकारी कार्यालयांत 19 अंशांच्या वर तापवायचं नाही असा नियम आला. हात धुवायला गरम पाणी बंद, इमारतींवरची रोषणाई बंद. आम्ही ऑफिसात आईने विणलेले स्वेटर घालून बसायचो. त्याआधीच्या उन्हाळ्यात 9 युरोत महिनाभर देशभर लोकल गाड्यांतून हिंडता येत होतं, तेव्हा गाड्यांत पाय ठेवायला जागा नसायची. खरी झळ बसली ती बिलांची, आणि ती भाड्याने राहणाऱ्या म्हाताऱ्यांना. ज्यांच्या छपरावर सोलर पॅनल आणि तळघरात हीट पंप होता ते लोक त्या वर्षी पार्टीत फार बोलत होते.

नाशिक
आम्ही शाळेत असताना पुस्तकात होतं की तीस वर्षांत तेल संपणार. तीस वर्षं झाली. पंपावर गर्दी वाढलीच आहे. दर पिढीला घाबरवायला काहीतरी लागतं, बाकी काही नाही.

उरण (वरच्याला)
अहो, तेच म्हणतोय. संपलं नाही, लांब गेलं आणि महाग झालं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त आज बाहेरून येतं. तुमच्या पंपावर गर्दी दिसते, पण ते तेल कुठल्या सामुद्रधुनीतून आलंय ते पंपावर लिहिलेलं नसतं.

लातूर
2016 चं लिहितो. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144 लावलं होतं, म्हणजे पाणी भरायला पाचजण जमले तरी गुन्हा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. टीव्हीवाले स्टेशनवर होते. गल्लीत मात्र टँकर कधी येणार हे ज्याला आधी कळायचं तो मोठा माणूस. पाहुणे येणं बंद झालं. खरंच बंद. कुणी येतो म्हणाला की आधी विचारायचं, मुक्काम आहे का? त्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन लग्नं पुण्याला जाऊन लावली.

जालना जिल्हा, शेतकरी
सगळे टंचाईचं लिहितायत, मी भरपूर मिळाल्याचं लिहितो.

आमच्याकडे शेतीची लाइट आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जायचं. चिखलात पाय, वर साप-विंचवाची धास्ती. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की चार-आठ दिवस तेही नाही. मग योजनेतून सोलर पंप बसला. पॅनलवर ऊन पडलं की मोटर चालू, बिल नाही, वायरमनची मिनतवारी नाही. पहिल्या वर्षी गावात माझ्याइतका सुखी कोणी नव्हता.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच मोटर हवा ओढायला लागली. पूर्वी लाइट गेली की झऱ्यांना भरायला वेळ मिळायचा. लाइट नसणं हेच आमचं पाण्याचं रेशन होतं, पण आम्ही त्याला शिव्याच दिल्या. आता ऊन आहे तोवर उपसा. शेजाऱ्याने हरभऱ्याच्या जागी ऊस लावला, त्याच्या शेजाऱ्याने बोअर आणखी खाली नेला. तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या शिवारात रात्रभर घरघरत असतात.

नगरकडच्या हिवरे बाजारात बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, उसाला बंदी, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पीक ठरवायचं असं आहे. मी ग्रामसभेत हे काढलं. एकजण म्हणाला, तुझा पंप बसला, तुझी दोन वर्षं भिजली, आता आमच्या पंपाच्या वेळी ताळेबंद का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. इंधन फुकट झाल्यावर समाज सुधारेल असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या शिवारात उन्हाळ्यात एक चक्कर मारावी.

पुणे, सोसायटीचा सेक्रेटरी
जालनावाल्यांचं वाचून आमचं भांडण आठवलं, हसू नका. आमच्या सोसायटीला मिळालेल्या वीजभारात पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे तीनच चार्जर बसतात, जास्त हवे तर ट्रान्सफॉर्मर बदलायचा आणि खर्च सगळ्यांनी भरायचा. पेट्रोल गाडीवाले म्हणतात आम्ही का भरू? इलेक्ट्रिकवाले म्हणतात उद्या तुम्हीही घ्याल. भाडेकरूंना मत नाही, पण गाड्या त्यांच्याच जास्त. रात्री अकरानंतर चार्जरसमोर गाडी लावून वर झोपायला जाणारे एक काका आहेत, त्यांचं काय करायचं ते उपविधीत कुठेच नाही. एका सभासदाने आपल्या फ्लॅटमधून वायर खाली सोडली होती, ती मी काढायला लावली, तेव्हापासून त्यांच्या घरी बोलणं बंद.

कोणाच्या सोसायटीने पाळ्या लावून, ज्याची वीज त्याचं बिल असं मीटरवर बसवलं असेल तर ती नियमावली इथे टाका. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे.