थकबाकी असलेल्या घराने प्रीपेड मीटर घ्यावं का? (ब्रिटन)

सुखदा_के:
लेस्टरला आतेभावाकडे वीज आणि गॅस मिळून ७८० पौंड थकलेत. कंपनी म्हणते, तुमचं स्मार्ट मीटर प्रीपेडवर टाकतो, बाकी त्यातूनच हळूहळू वळती होईल. घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे. तो 'हो' म्हणायच्या बेतात आहे. माझं स्पष्ट मत: म्हणू नये.
थकबाकी यामुळे एका पेनीने कमी होत नाही. वसुली मात्र तुमच्या टॉप-अपमधून होते, म्हणजे आज लागणाऱ्या उबेतून. शिवाय स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो-नसो रोज लागणारा ठरावीक आकार, आहेच. गॅसचा दिवसाला तीस-पस्तीस पेन्स धरा. उन्हाळाभर हीटिंग बंद ठेवून टॉप-अप केला नाही, तर तीन महिन्यांत तीसेक पौंड साचतात, वर कर्जाचे हप्ते वेगळे. ऑक्टोबरात पहिली थंडी पडते, माणूस वीस पौंड भरतो, आणि बॉयलर पेटत नाही. मीटरच्या पडद्यावर अजून उणे आकडाच असतो.

रात्रपाळी:
असहमत. मी दोन्ही प्रीपेड वापरतो, तेही थकबाकी असताना स्वतः मागून घेतलेलं. गोदामात काम करतो, पगार आठवड्याला, तोही कमीजास्त. ठरल्या तारखेला खात्यात पैसे नसले की डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप होणारी कपात) परत जातं आणि घोळ वाढत जातो. आता शुक्रवारी पगार झाला की आधी मीटर भरतो. किती उरलंय ते रोज दिसतं. नवीन कर्ज चढत नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.
आणि 'प्रीपेड महाग' हे जुनं झालं. स्टँडिंग चार्जमधला फरक ऑफजेमने (वीज-गॅस कंपन्यांवरची नियामक संस्था) एप्रिल २०२४ पासून काढलाय. उलट बिल आल्यावर भरणाऱ्यालाच जास्त पडतं. रात्री बॅलन्स संपला तर सकाळपर्यंत वीज जात नाही, इमर्जन्सी क्रेडिटही असतं. उन्हाळ्याचं म्हणाल, तर तेव्हाही गॅसवर थोडे थोडे टाकत राहायचे.

मंजिरी (सल्ला केंद्रात स्वयंसेवक):
इमर्जन्सी क्रेडिट साधारण पाच-दहा पौंडांचं असतं आणि तेही उसनंच. पुढच्या टॉप-अपमधून आधी ते कापलं जातं, मग साचलेला हप्ता, उरलं तर वीज. मला जास्त खुपतं ते वेगळंच. बिलावर असताना कंपनीला तुमची थकबाकी दिसते, तिला काहीतरी करावं लागतं. प्रीपेडवर पैसे संपून घर अंधारात बसलं तर कंपनीने वीज तोडली असं होत नाही, तुम्हीच भरली नाही असं होतं. आजारी माणूस, फ्रिजमधलं इन्सुलिन, तान्हं मूल असेल तिथे मी कधीच 'घ्या' म्हणणार नाही.
कोर्टाचं वॉरंट घेऊन लोकांच्या घरात शिरून ही मीटरं बसवल्याचं २०२३ च्या सुरुवातीला उघड झालं, तेव्हा ऑफजेमने ते थांबवायला लावलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नियम कडक झाले. घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर जबरदस्तीने बसवता येत नाही. सुखदा, तुझ्या भावाच्या घराला हे थेट लागू आहे. तो स्वखुशीने हो म्हणाला तरी प्रीपेड त्या घराला सुरक्षित आणि झेपणारं आहे का, हे पाहणं कंपनीवर बंधनकारक आहे.
त्याने आधी हप्ते मागावेत, आणि हप्ता घरखर्चाचा हिशोब दाखवून ठरवावा. कंपनीने परवडेल असाच हप्ता लावायचा असतो. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) मिळत असेल तर त्यातून परस्पर कापून घ्यायची सोयही आहे.

रात्रपाळी:
बाळाचं घर असेल तर मंजिरीताईंचं मान्य. पण 'हप्ते मागा' हे बोलायला सोपं. हप्ता चुकला की करार मोडतो आणि पुन्हा प्रीपेडवरच गाडी येते. धडधाकट दोन माणसांच्या घराला हे मीटर आधार आहे. वर प्रीपेडवाल्याला एका इंधनाची बाकी ५०० पौंडांपर्यंत असली तरी ती घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं. बिलावाल्याला बाकी असताना असं जाता येईलच असं नाही.

सुखदा_के:
कंपनी बदलण्याचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. तरी भावाला 'नको'च सांगणार. त्याची बायको दिवसभर बाळासोबत घरी असते, मीटर त्याच्या मोबाइलवरून भरायचं आणि तो शिफ्टमध्ये फोन लॉकरला ठेवतो. दुपारी पैसे संपले तर तिने काय करायचं?
आणि ७८० हा आकडा मुळात बरोबर आहे का? काल बिलं मागवून पाहिली, तर चार महिने रीडिंग अंदाजाने टाकलंय. खरं रीडिंग आज पाठवतोय.

मंजिरी:
मग मीटरचं नंतर. बिल नव्याने मागा. आणि कंपनीने वेळेवर बिलच लावलं नसेल तर १२ महिन्यांपलीकडच्या वापराचे पैसे तिला आता मागता येत नाहीत, त्या तारखाही तपासा.

रात्रपाळी:
हे मात्र सगळ्यात आधी करा. चुकीची बाकी प्रीपेडवर चढली तर ती दर आठवड्याला कापली जाईल, आणि मग भांडत बसावं लागेल.